दोन मायक्रॉन तेल

१ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियातील ला हाब्रा या गावी ग्लेन ॲलिसन नावाच्या, पन्नाशी उलटलेल्या बोलिंगपटूने लागोपाठ छत्तीस चेंडू टाकले आणि छत्तीसही वेळा समोरच्या दहाच्या दहा पिना आडव्या केल्या. एका डावात जास्तीत जास्त ३०० गुण मिळतात. त्याने तीन डावांत ९०० मिळवले. याहून अधिक गुण मिळवणे या खेळात शक्यच नाही. अमेरिकेतील बोलिंगचा कारभार १८९५ सालापासून ‘अमेरिकन बोलिंग काँग्रेस’ ही संस्था पाहत होती आणि तिच्या दप्तरात तोवर असा एकही विक्रम नव्हता. संस्थेने तपासणी केली आणि विक्रम नामंजूर केला. ॲलिसनच्या चेंडूत खोट सापडली नाही आणि त्याच्या हातावरही कोणी संशय घेतला नाही. दोष निघाला तो ज्या लाकडी पट्ट्यावरून चेंडू गेला त्यावरच्या तेलात. ते नियमाप्रमाणे पसरलेले नव्हते.

सात किलोंचा चेंडू आणि डोळ्यांना धड दिसतही नाही एवढे तेल! त्याचा असा काय परिणाम होणार? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर शोधताना आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘वंगणाने घर्षण कमी होते’ हे वाक्य अपुरे पडू लागते.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे बोलिंग म्हटले की क्रिकेटच आठवते. हा खेळ निराळा. आता मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये तो आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी पाहिला असेल. सुमारे एक मीटर रुंदीचा लाकडी पट्टा असतो, त्याला लेन म्हणतात. जिथून चेंडू सोडायचा त्या रेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर, म्हणजे सुमारे १८.३ मीटरवर. दहा पिना त्रिकोणात मांडलेल्या, टोक खेळाडूकडे. पट्ट्याच्या दोन्ही कडांना पन्हळी असतात. चेंडू त्यात पडला की फुकट. चेंडूचा व्यास साधारण २१.६ सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. बोटे घालण्यासाठी त्याला भोके असतात.

नवशिका माणूस चेंडू सरळ टाकतो. पिनांच्या नेमक्या मध्यावर आदळलेला चेंडू मधल्या पिना पाडत जातो आणि दोन्ही बाजूंना एकेक पिन हटकून उभी राहते. अनुभवी खेळाडू चेंडू पहिल्या पिनेच्या किंचित बाजूला, आणि तोही तिरका घुसवतात. अशा वेळी चेंडूने उडवलेल्या पिनाच बाकीच्यांना पाडतात. सुमारे ६ अंशांचा कोन उत्तम, असे मोजमापांवरून ठरले आहे. आता थोडे गणित करू. पट्ट्याच्या अगदी कडेवरून सरळ टाकलेला चेंडू मध्याकडे जाताना जेमतेम दीड अंशाचा कोन करतो. सरळ रेषेत ६ अंश हवे असतील तर मध्यापासून जवळजवळ १.९ मीटर बाजूला उभे राहावे लागेल, म्हणजे शेजाऱ्याच्या लेनमध्ये! तेव्हा उपाय एकच. चेंडूने आधी बाहेरच्या बाजूने सरळ जावे आणि पिनांजवळ पोचल्यावर आत वळावे. हे वळण चेंडूला कोण देते? हातातून सुटल्यावर त्याला बाजूला लोटणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे जमिनीचे घर्षण. हाताने दिलेली गिरकी फक्त त्या घर्षणाची दिशा ठरवते.

या गणिताचा पाया फ्रान्समध्ये गास्पार गुस्ताव कोरिऑलिस याने १८३५ साली घातला. फिरत्या पृथ्वीवर वारे का वळतात हे शिकवताना आपण त्याचे नाव घेतो. त्याच वर्षी त्याने बिलियर्डच्या खेळावर एक गणिती ग्रंथ लिहिला, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याने दाखवले, की गिरकी दिलेला चेंडू जोवर घसरत असतो तोवर तो अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, मार्गाने जातो. चेंडू जमिनीला टेकतो त्या बिंदूची घसरण ज्या दिशेने चालू असते तिच्या बरोबर उलट घर्षण लागते. ते ती घसरण कमी करत जाते, पण तिची दिशा बदलत नाही. म्हणून बलाची दिशा कायम राहते आणि हवेत फेकलेल्या दगडासारखा अन्वस्त मिळतो. घसरण शून्य झाली की चेंडू निव्वळ घरंगळू लागतो आणि तिथून पुढे त्याची वाट सरळ रेषेत.

म्हणजे चेंडू वळतो तो घसरत असेपर्यंतच. घरंगळायला लागला की वळणे संपले. हा एक मुद्दा पक्का धरला तर पुढचा सारा इतिहास उलगडतो.

आता एक छोटेसे उदाहरण. वरच्या वर्गांतील मुलांना ते फळ्यावर करून दाखवता येईल. समजा, घन गोल चेंडू अजिबात न फिरवता v इतक्या वेगाने जमिनीवर सोडला. घर्षण जमिनीच्या रेषेतूनच लागते, त्यामुळे त्या रेषेवरील बिंदूभोवती त्याचे आघूर्ण शून्य. तेव्हा त्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग बदलत नाही. सुरुवातीला तो होता वस्तुमान गुणिले वेग गुणिले त्रिज्या. घरंगळू लागल्यावर त्यात फिरण्याचा दोन-पंचमांश भाग मिळतो. म्हणून शेवटचा वेग सुरुवातीच्या पाच-सप्तमांश येतो. गंमत अशी की या उत्तरात घर्षणांक कुठेच नाही! पट्टा तेलकट असो की खरखरीत, ८ मीटर प्रति सेकंद वेगाने सोडलेला चेंडू घरंगळू लागेल तेव्हा त्याचा वेग ५.७ मीटर प्रति सेकंदच असणार. घर्षणात खर्च होणारी ऊर्जाही तेवढीच, दोन-सप्तमांश.

मग तेल करते काय? ते ठरवते फक्त जागा. कोरड्या पट्ट्यावर घर्षणांक सुमारे ०.२ धरला तर आपला चेंडू ८ मीटर घसरून घरंगळू लागतो. पुढचे दहा मीटर तो वळत नाही. ज्या दिशेला तोंड आहे तिकडे जातो, म्हणजे बहुधा चुकीच्या जागी. पट्टाभर तेल असेल तर घर्षणांक सुमारे ०.०४. मग घसरण संपायला ४० मीटर लागतील, पण पिना तर अठराव्याच मीटरवर आहेत. चेंडू वळण्याआधीच खेळ आटोपतो. आता पहिल्या ४० फुटांवर, म्हणजे १२.२ मीटरवर तेल आहे आणि पुढे कोरडे लाकूड आहे असे धरा. तेलावर चेंडूचा वेग ८ वरून जेमतेम ७.४ वर येतो आणि कोरड्या भागात साडेपाच मीटर गेल्यावर घसरण संपते. बेरीज करा: १७.८ मीटर. पिनांच्या अलीकडे हातभर अंतरावर! खरा खेळाडू चेंडूला पुढची आणि बाजूची गिरकी देतो, खऱ्या चेंडूचे वस्तुमानही आत सारखे वाटलेले नसते, तेव्हा खरे आकडे वेगळे पडतात. पण खेळाचे मर्म या तीन उदाहरणांत आले.

ही तेल-कोरडे अशी वाटणी कोणी भौतिकशास्त्रज्ञाने शोधून काढली नाही. ती लाकूड वाचवण्याच्या खटाटोपातून आली. लेनचा पुढचा भाग मेपलच्या कठीण फळ्यांचा, कारण चेंडू तिथे आदळतो. मधला भाग पाइनचा. आडव्या रुंदीत अशा ३९ फळ्या. त्यांवर संरक्षक लेप लागतो. जुन्या काळी हा लेप चपडा लाखेचा असे. जगाला लागणारी बहुतेक लाख त्या वेळी भारतातूनच जाई. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमांच्या झाडांवर किड्यांनी केलेली लाख ग्रामोफोनच्या तबकड्यांत गेली, तशी अमेरिकेतल्या या पट्ट्यांवरही पसरली. पुढे लाखेची जागा लॅकरने घेतली. ते ज्वालाग्राही असल्याने लेप देताना आगी लागत, म्हणून नंतर पॉलियुरेथेन आले, आणि अलीकडच्या दशकांत लाकडाच्या जागी सबंध कृत्रिम पट्टेच आले. कोणताही लेप असला तरी घसरत्या चेंडूच्या घर्षणाने तो पुढच्या भागात झिजतो आणि करपतो. म्हणून तिथे खनिज तेलाचा हात फिरवायची पद्धत पडली. आधी माणूस फवारा आणि पोछा घेऊन हे करी, आता यंत्र करते.

हे तेल असते किती? आजकाल एका लेनला साधारण २५ मिलिलिटर लागते असे धरू, म्हणजे चहाचे पाच चमचे. बारा मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर ते पसरले की सरासरी जाडी दोन मायक्रॉनच्या आसपास येते. माणसाच्या केसाच्या जाडीचा तिसावा-चाळिसावा भाग. कॅरमच्या पावडरीसारखे ते दिसत नाही, आणि चेंडूचा दाब व गिरकी यांमुळे ते खेळ चालू असतानाच हलत राहते. सोंगटी कुठे अडखळेल हे कॅरमपटू पाहू शकतो. बोलिंगपटूला आपले मैदान दिसतच नाही. आधीचा चेंडू कसा गेला यावरून त्याला तेलाचा नकाशा मनात काढावा लागतो, आणि दर डावाला तो दुरुस्त करावा लागतो.

तेल पसरवणाऱ्या माणसाच्या लवकरच लक्षात आले, की ते सगळीकडे सारखे न पसरता मधल्या फळ्यांवर भरपूर आणि कडांना अगदी थोडे ठेवले तर गिऱ्हाइकांचे गुण वाढतात आणि गिऱ्हाइके खूश होतात. यामागची यंत्रणा मोठी सुरेख आहे. चेंडू चुकून जरा बाहेर गेला तर त्याला कोरडी फळी भेटते, घर्षण वाढते आणि तो जोराने आत वळतो. चुकून आत गेला तर तेल भेटते, घर्षण घटते आणि तो कमी वळतो. दोन्ही चुका सुधारून चेंडू एकाच जागी येतो. दरीच्या दोन्ही उतारांवरून पाणी तळाच्या ओढ्याला मिळावे तसे हे आहे. फरक इतकाच, की इथे पट्ट्याला उतार नाही. पट्टा मिलिमीटरभरही उंच-सखल असू नये असा नियम आहे, आणि तो नियम पाळूनही दोन मायक्रॉन तेलात दरी खोदता येते. बोलिंग काँग्रेसचे पर्यवेक्षक कित्येक वर्षे अशा लेन शोधून त्यांवरचे विक्रम रद्द करीत होते. ॲलिसन त्याच कात्रीत सापडला.

दुसरीकडे चेंडूही बदलत होता. सुरुवातीचे चेंडू लिग्नम व्हिटी या पाण्यात बुडण्याइतक्या जड लाकडाचे असत. १९०५ मध्ये कठीण रबराचा चेंडू आला, आणि पुढे अर्धशतक रबराचेच राज्य होते. १९६० च्या सुमारास पॉलिएस्टरचे रंगीत चेंडू निघाले. दिसायला सुंदर, पण गुळगुळीत आणि कठीण, त्यामुळे तेलावर घसरतच जाणारे. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने यावर एक अचाट उपाय केला. त्याने चेंडू मेथिल इथिल कीटोन या द्रावकात भिजवून ठेवला. पृष्ठभाग मऊ झाला, पट्ट्याला धरू लागला, आणि मॅक्यूनने त्या एका वर्षात सहा स्पर्धा जिंकल्या. मग काय, खेळाडूंच्या बादल्यांतून चेंडू भिजत पडू लागले. या द्रावकाची वाफ डोळ्यांना व श्वसनमार्गाला झोंबणारी आणि चटकन पेट घेणारी, हे लक्षात घेतले तर तो प्रकार किती धोक्याचा होता ते कळेल. थोड्याच वर्षांत चेंडूच्या कठीणपणाला किमान मर्यादा आली. शोअर डी या मापावर व्यावसायिकांच्या संघटनेने ७५ आणि काँग्रेसने ७२ हा आकडा ठरवला. बोलिंगच्या मैदानावर पदार्थविज्ञानाची मोजपट्टी अशी एका बादलीमुळे आली.

नियमाने कठीणपणा बांधला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनचे चेंडू आले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘रिॲक्टिव्ह रेझिन’ आले आणि त्यांनी खेळाचे रूपच पालटले. युरेथेन घट्ट होताना त्यात मिसळलेले काही घटक बाहेर पडतात आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. चेंडू कठीणच असतो, पण ही छिद्रे तेल पिऊन टाकतात.

इथे घर्षणाच्या इतिहासाकडे एकदा मागे वळून पाहिले पाहिजे. आमाँताँने १६९९ साली आणि कूलाँने १७८५ साली कोरड्या घर्षणाचे नियम मांडले. तेच आपण शाळेत शिकवतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली जाड वंगणाचा सिद्धांत दिला. तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना शिवतच नाहीत, सगळा कारभार तेलाच्या श्यानतेचा. या दोहोंच्या मधला प्रदेश १९२२ साली विल्यम बेट हार्डी याने हाती घेतला. हा मूळचा जीवशास्त्रज्ञ! तेलाचा थर फारच पातळ असेल तर तेल आणि पृष्ठभाग दोघांचेही गुण मोजावे लागतात, असे त्याने दाखवले. बोलिंगचा चेंडू याच मधल्या प्रदेशात चालतो. सात किलोंचे वजन एका लहानशा नाण्याएवढ्या जागेवर टेकलेले, खाली दोन मायक्रॉन तेल. चेंडू आरशासारखा घोटलेला असेल तर तो तेलावर तरंगल्यासारखा जातो. सँडपेपरने घासलेला असेल तर ओरखडे तेलाहून खोल असतात. तेल त्यांत शिरते आणि मधले उंचवटे लाकडाला भिडतात. म्हणून एकाच तेलावर दोन चेंडूंचे घर्षणांक वेगळे निघतात. घर्षणांक हा एकट्या चेंडूचा गुण नव्हे आणि एकट्या पट्ट्याचाही नव्हे. तो त्या जोडीचा गुण आहे. आपल्या पुस्तकांतील तक्त्यांत ‘लाकडावर लाकूड’, ‘पोलादावर पोलाद’ असे लिहितात ते याचसाठी. पण मुले तो आकडा पाठ करतात आणि जोडी विसरतात.

चेंडू आणि तेल या दोघांनी मिळून गुणांचे काय केले ते आकड्यांतच पाहा. १९६८-६९ च्या हंगामात अमेरिकेत ३०० गुणांचे पूर्ण डाव नोंदले गेले ९०५. १९९८-९९ च्या हंगामात ३४,४७०. या काळात लीगमध्ये खेळणाऱ्यांची संख्या वाढली नव्हती, उलट घटली होती. माणसांचे हात तीस वर्षांत अडतीसपट कुशल होत नाहीत. तेलाचे नियमही मधल्या काळात सैल झाले होते. मध्ये भरपूर आणि कडांना थोडे, ही मांडणी आता रोजची झाली. काँग्रेसने मान्य केलेला पहिला ९०० चा विक्रम २ फेब्रुवारी १९९७ रोजी नेब्रास्कातील लिंकन येथे जेरेमी सोनेनफेल्ड या तरुणाने केला. ॲलिसनचे ९०० मात्र अधिकृत यादीत आले नाहीत. नियमाच्या अक्षराप्रमाणे १९८२ चा निर्णय बरोबर होता, असे मला वाटते. पण ज्या संस्थेने एका माणसाला दरीसाठी दोषी धरले, तिनेच पुढे दरीला मोकळीक दिली, हे त्याच्या बाजूने फार खटकते.

काँग्रेस २००५ साली ‘युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस’ या नव्या संस्थेत विलीन झाली. या संस्थेने पुन्हा मोजमाप हाती घेतले. तेल अधिक सारखे पसरलेल्या, म्हणून चुका न सांभाळणाऱ्या, लेनवरच्या स्पर्धा वेगळ्या ठेवल्या. चेंडू तेल पितात म्हणून केंद्रे तेल वाढवतात, तेल वाढले म्हणून कारखाने अधिक तहानलेले चेंडू काढतात, असे हे चक्र फिरत राहिले होते. १ ऑगस्ट २०२० पासून नव्या चेंडूंसाठी नियम आला: पृष्ठभागावर ठेवलेला तेलाचा ठरावीक थेंब जिरायला किमान २ मिनिटे १५ सेकंद लागलेच पाहिजेत. कठीणपणाची किमान मर्यादाही ७२ वरून ७३ झाली.

बोलिंगची लेन आपल्या शाळेत नसली तरी गोळाफेकीचा गोळा असतो, आणि तो चांगला घन गोल आहे. त्यावर खडूने एक जाड पट्टा ओढा. व्हरांड्यातील गुळगुळीत फरशीच्या पहिल्या दोन मीटरवर कॅरमची पावडर पसरा, पुढचे दोन मीटर कोरडे ठेवा. दोन्ही हातांनी गोळा धरून, तो फिरणार नाही अशा बेताने जमिनीलगत पुढे ढकला. पायांची बोटे सांभाळा, फरशीवर गोळा आपटू नका. पावडरीवर खडूचा पट्टा सावकाश फिरताना दिसेल, आणि कोरड्या फरशीवर जाताच तो एकदम भरभर फिरू लागेल. तीच वाट धरून गोळा पाच-सहा वेळा ढकला आणि दर वेळी पट्टा कुठे फिरू लागला तिथे खूण करा. गोळ्याने पावडर बाजूला सारलेली रेघ आणि पुढे ओढून नेलेली पांढरी शेपटी दोन्ही नजरेस पडतील, आणि खुणा एका जागी राहणार नाहीत.